परक्या घराची किल्ली

रिकाम्या घराची कडी वाजवून आत येण्याची परवानगी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझे मामा वारले, त्यांच्या घराला कुलूप लागलं, आणि त्या कुलपाची किल्ली ज्यांच्या कमरेला होती ते चाचा रोज सकाळी येऊन आधी कडी वाजवत. "येऊ का, कंपाउंडरसाहेब?" असं हळूच विचारत. मग थोडं थांबत. आतून उत्तर येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि समोरच्या ओट्यावर बसून फिदीफिदी हसणाऱ्या रिकामटेकड्यांनाही ठाऊक होतं. पण ते थांबणं झाल्याशिवाय कुलपाला किल्ली लागत नसे.

मी एकदा न राहवून विचारलं, "चाचा, आत कोणीच नाही. मग कोणाले विचारता?"

"कोणी नाही म्हणून त विचारतो," ते म्हणाले. "मालक घरात असला त माणूस बिनघोर घुसते. मालक नसला का विचारून जा लागते."

त्या वर्षात मी चाचांपुढे पुष्कळदा गप्प बसले, आणि त्यातल्या निम्म्या वेळा मला त्यांचा भयंकर राग आलेला होता.

माझे मामा कारंज्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. त्यांनी आपल्या पगारातून हळूहळू एक घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर आणि मागे लिंबोणीचं झाड. ओसरीवर एक बंगई टांगलेली होती. आमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात. त्या बंगईवर दर संध्याकाळी मामा एका टोकाला आणि चाचा दुसऱ्या टोकाला बसत आणि भांडत. चाचा कापसाचे व्यापारी, मोठे नव्हेत, पण स्वतःची वखार असलेले. उंच, काटक, आणि खांद्यावर बाराही महिने कापसाचे तंतू चिकटलेले. टरबूज कुठल्या नदीच्या वाळूतलं गोड इथपासून माणसाला अक्कलदाढ कायले येते इथपर्यंत दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं हे भांडण चाललं आणि मामांच्या मरणानेच ते थांबलं.

मामांनी मृत्युपत्र केलं होतं. त्यात दोनच गोष्टी होत्या. घर विकून येईल ते सारं माझ्या भाचीला तिच्या शिक्षणासाठी द्यावं. आणि हे काम माझ्या दोस्तानं करावं.

भाची म्हणजे मी. मी तेव्हा जेमतेम विशीतली विधवा, रिसोडला सासरी, थोरल्या दिरांच्या घरात. दीर वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही की अंगावर हात टाकला नाही. पण त्या घरात माझं पुढचं आयुष्य काय, हे सगळ्यांना माहीत होतं. पहाटे उठून दळायचं, मग चूल, मग भांडी, मग जावेची मुलं, आणि असंच म्हातारं व्हायचं. मामांनी मला लहानपणी वाचायला शिकवलं होतं. अमरावतीला मास्तरणींचं ट्रेनिंग निघालं आहे, तू जा, असं ते दर भेटीत सांगायचे. दीर म्हणायचे, "पैसे कोण देते?" मामांनी मरताना या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं होतं. म्हणजे ते घर विकलं गेलं तर मी मास्तरीण, नाही तर मी रिसोडची चूल, इतका सरळ हिशेब होता.

पण घर लगेच विकता येईना. मामांचे एक चुलतभाऊ होते, माझे चुलतमामा. त्यांनी अकोल्याच्या कोर्टात हरकत घेतली की मृत्युपत्र करताना मामांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, घर खानदानातच राहायला पाहिजे. आता कोर्टानं मृत्युपत्र खरं म्हणून शिक्का मारेपर्यंत कोणालाच काही करता येणार नव्हतं. त्या शिक्क्याला प्रोबेट म्हणतात. तो मिळायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षभर घराची किल्ली चाचांच्या कमरेला होती.

निकाल लागेपर्यंत दिरांनी मला कारंज्याला राहू दिलं. त्यासाठी आले तेव्हा मी पेटी घेऊन सरळ मामांच्या दारात उभी राहिले. घर माझंच तर होणार होतं! चाचांनी कुलूप उघडलं नाही.

"अथी नाही राहता येत, माय," ते म्हणाले. "शेजारच्या काकूकडे तुह्यी सोय केली हाय."

"काहून? मामाचं घर हाय ना?"

"मामाचंच हाय. तुह्यं नाही झालं अजून. माह्यंही नाही. हुकूम येईस्तोर त्याचंच हाय. अमानत हाय हे."

अमानत हा त्यांचा शब्द. काहीही विचारा, उत्तर हेच. माझ्या आईची एक फणेरपेटी त्या घरात होती. आरसा फुटलेली, आत कुंकवाचा लाल डाग पडलेली. आईची तेवढीच वस्तू उरलेली होती. मी म्हटलं, तेवढी तरी द्या. चाचांनी मला ती दुरून दाखवली, झटकून पुसून पुन्हा कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "अमानत हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या काकूंकडे येऊन मी रडले. काकू पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "रडू नको बाई. तो माणूस सोताले बी काई घेऊ देत नाही, मंग तुले कसा देईन?"

ते मात्र शब्दशः खरं होतं. चाचा रोज घर झाडायला यायचे तेव्हा झाडू स्वतःच्या घरून आणायचे. प्यायचं पाणी स्वतःच्या सुरईत आणायचे. दिवा लावायचा तर तेल त्यांचं, वात त्यांची, काडीपेटी त्यांची. बसायला काखेत चटई असायची. ती ओसरीच्या फरशीवर अंथरून ते बसत. शेजारीच बंगई रिकामी हलत असायची. तीस-पस्तीस वर्षं जिच्यावर बसून भांडले तिच्यावर ते वर्षभर टेकलेसुद्धा नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तवा त्यानं बस म्हटलं म्हणून बसत होतो. आता कोण म्हणते?"

लिंबोणीला त्या साली लिंबं खूप लागली. चाचा पडलेली लिंबं वेचून टोपलीत ठेवायचे. ती तिथेच वाळून खडखडीत व्हायची. एक दिवस काकूंच्या नवऱ्याला पित्त उसळलं. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "चाचा, एक लिंबू देता का हो?" चाचा "थांबा" म्हणाले आणि निघून गेले. काकू वाट पाहत राहिल्या, आत नवरा कण्हत राहिला. बऱ्याच वेळानं चाचा बाजारातून घामाघूम होऊन आले आणि विकत आणलेलं लिंबू त्यांनी कुंपणावरून काकूंच्या हातात ठेवलं. मागे झाड लिंबांनी वाकलेलं होतं. काकूंनी त्या लिंबाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी आत जाऊन पोट धरून हसलो. विधवा झाल्यावर मी इतकी हसले ती पहिल्यांदा.

गावानं त्यांना वेड्यातच काढलं होतं. पण अकोल्याच्या कोर्टात त्यांची साक्ष झाली आणि गावाचं हसू जरा कमी झालं. मी मागच्या बाकावर पदर घेऊन बसले होते. चुलतमामांच्या वकिलांनी छद्मीपणे विचारलं, "मयत हिंदू, तुम्ही मुसलमान. घरचे सगळे सोडून त्यांनी हे काम तुमच्यावर कसं काय सोपवलं?"

"मीही त्याले हेच विचारलं होतं साहेब," चाचा म्हणाले.

"मग ते काय म्हणाले?"

"तो म्हणे, माह्या घरच्यांपैकी कोणाजवळ किल्ली देऊ, तूच सांग. मी लय विचार केला. मले नाव नाही सुचलं."

न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. वकिलांनी मग डोक्याची गोष्ट काढली. शेवटी शेवटी मयताची शुद्ध जागेवर होती, असं तुम्ही कशावरून म्हणता?

"मराच्या आदल्या दिवशी बी तो माह्यासंग भांडला," चाचा म्हणाले. आणि मग मनाविरुद्ध कबूल करावं तसं म्हणाले, "अन् त्या दिवशी तोच बरोबर होता."

साक्ष चांगली झाली, पण निकालाला उशीर होता. आणि चुलतमामा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कोर्टात जमेना म्हटल्यावर त्यांनी दुसरा रस्ता काढला, आणि तो रस्ता असा होता की मी आणि सारं कारंजं त्यात आनंदानं फसलो असतो.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्न कारंज्यातच होतं. एक दिवस सकाळी ते गावातली चार वडीलधारी माणसं घेऊन काकूंच्या ओसरीवर आले. मला बोलावलं, चाचांनाही बोलावून घेतलं. चुलतमामांनी हात जोडले. वऱ्हाडाला जानोसा द्यायला जागा नाही. मुलाकडची मंडळी उतरवायची कुठे? भाऊचं घर रिकामं पडलं आहे. तीन दिवसांसाठी उघडून द्या. आपल्याच घरची पोरगी आहे.

आमच्याकडे लग्नकार्याला घर नाही म्हणत नाहीत. वैर असलं तरी नाही म्हणत नाहीत. मांडवासाठी बल्ल्या मागितल्या, भांडी मागितली, जानोशाला खोली मागितली, तर दुष्मनसुद्धा देतो. आलेल्या चारही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. काकूंनी मागून माझ्या पाठीला बोट लावलं, म्हणजे हो म्हण. माझ्या तोंडात हो आलेलंच होतं. चुलतमामांचे डोळेसुद्धा पाणावले होते, आणि मला वाटलं की बरं झालं, भांडण मिटतंय.

चाचा चुलतमामांच्या मागे रस्त्यावर उभ्या असलेल्या बैलबंडीकडे पाहत होते. बंडीत एक जातं होतं, धान्याची एक कोठी होती आणि गुंडाळलेल्या गाद्या होत्या. तीन दिवसांच्या जानोशाला कोणी जातं घेऊन येत नाही. एकदा ते आत गेलं असतं की चुलतमामा बाहेर निघाले नसते, आणि मग मामांच्या मृत्युपत्राला कोर्टानं सोन्याचा शिक्का मारला असता तरी राहत्या माणसांना घराबाहेर काढायला आणखी दहा वर्षं लागली असती. हे मला नंतर कळलं. चाचांना तिथेच कळलं. पण चार वडीलधाऱ्यांसमोर, लग्नकार्याला, एका मुसलमानानं नाही म्हटलं असतं तर गावानं त्यांची सालटी काढली असती.

"जानोसा पायजे ना?" चाचा म्हणाले. "देतो. नाही कोण म्हणते?"

चुलतमामांचा चेहरा खुलला.

"पण हे घर लहान पडीन हो वऱ्हाडाले," चाचा म्हणाले. "माही वखार देतो. पन्नास माणूस झोपलं तरी पाय लागणार नाही एकमेकाले."

"वखारीत तर तुमचा कापूस आहे," चुलतमामा घाईनं म्हणाले.

"काढतो ना. आपल्याच घरची पोरगी हाय म्हणता तुमी. मंग माही कोण लागली?"

खुललेला चेहरा कसा पडतो ते मी त्या दिवशी पाहिलं. चारही म्हातारे "वा चाचा, वा" म्हणाले. नाही म्हणायला चुलतमामांना तोंड राहिलं नाही. भरलेली बंडी आली तशी वापस गेली.

चाचा भाव वर चढण्याची वाट पाहत साऱ्या हंगामाचा कापूस धरून बसले होते. तो त्यांनी बंड्या लावून बाहेर काढला आणि वखारीमागच्या पडीक जागेत त्याची गंजी लावून वर ताडपत्र्या टाकल्या. वखार आतून चुन्यानं पोतली. बायका लावून जमीन सारवून घेतली. वऱ्हाडी मंडळींना खाण्यापिण्याचा संकोच नको म्हणून आचारी बोलावला तो ब्राह्मण, पाणी भरायला लावले ते कोळी, आणि माठ आणले ते कोरे. लग्नाचे तीन दिवस ते स्वतः वखारीच्या उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. रस्त्यावर उभं राहून आचाऱ्याला विचारायचे, "मीठमिरची सारं हाय ना? काई कमी पडू देऊ नको बाप्पा."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं. फाल्गुनातला अवकाळी पाऊस. आधी वारा सुटला, मग टपोरे थेंब, मग गारा. आमच्या गल्लीतून ताडपत्रीचा एक तुकडा उडत गेलेला मी स्वतः पाहिला. साऱ्या हंगामाचा कापूस उघड्यावर होता. मी डोक्यावर पोतं घेऊन चाचांना शोधायला निघणार, तोच मामांच्या घराच्या छपरावर काहीतरी हललं. चाचा वर होते! त्या वयात, त्या वाऱ्यात, छपरावर आडवे पडून ते सरकलेलं कवेलू बसवत होते.

मी खालून ओरडले, "चाचा, कापूस! तुमचा कापूस भिजून राह्यला तिकडे!"

"भिजू दे," ते वरून म्हणाले. "कापूस माह्या हाय. घर माह्यं नाही."

कापूस भिजला. वाळवून, चाळून, पिवळा पडलेला तो माल त्यांनी कसाबसा विकला. त्या नुकसानीची भरपाई घराच्या किमतीतून घ्या, असं मी पुढे एकदा म्हटलं तेव्हा ते माझ्यावर जे खवळले, तसे चुलतमामांवरही कधी खवळले नव्हते. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंच्या हाती निरोप आला, की त्या पोरीले सांगा, तिच्या मामानं बी मले अशी शिवी कधी दिली नव्हती.

उन्हाळा लागता लागता कोर्टाचा हुकूम आला. चाचांनी तो माझ्याकडून वाचून घेतला, एकदा नव्हे दोनदा. मग कुलूप उघडून आत गेले, कोनाड्यातली फणेरपेटी आणून माझ्या हातात दिली. "घे. आता तुह्यी." एवढंच. मी ती छातीशी धरून उभी राहिले आणि वर्षभराचा माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

आता घर विकायचं. अमरावतीचं ट्रेनिंग पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू व्हायचं होतं, आणि त्याआधी विक्री झाली नाही तर दीर मला पुन्हा रिसोडबाहेर पाठवणार नव्हते. तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. गिऱ्हाइकं यायला लागली. आणि मग मला कळलं की चाचांसारख्या माणसाला घर विकायला सांगणं म्हणजे काय असतं.

"या," ते गिऱ्हाइकाला म्हणायचे. "हे पाहा, या कोपऱ्यात गळते. मी दोनदा कवेलू फिरवलं, पण गळतेच. ही भिंत फुगली हाय. स्वयंपाकघरात धूर कोंडते. पावसाळ्यात मागच्या दारी इच्चू निघते. अन् हे खोली, अथी तो मेला."

गिऱ्हाईक पाणीही न पिता निघून जायचं. एक गेलं, दुसरं गेलं, कारंज्यातला एक चांगला दुकानदार तर दारातूनच परतला. मी हात टेकले.

"चाचा, असं घर विकतेत का कोणी?"

"मंग कसं विकतेत?"

"निदान इच्चवाचं तरी सांगू नका!"

"अन् उद्या त्याच्या लेकराले चावला त? तो म्हणीन, मेलेल्या माणसानं फसवलं. जित्याले लोक म्हणतेत त तो जवाब देते. मेलेला कुठून देईन?"

ज्येष्ठ अर्धा संपला होता. रिसोडहून दिरांचा निरोप आला की आठवडाभरात काय ते करा, नाही तर मी न्यायला येतो. मी रात्रंदिवस चाचांवर धुसफुसत होते. तेवढ्यात किन्हीराजाचा एक शेतकरी आला. पोट्टे कारंज्याच्या शाळेत घालायचे म्हणून त्याला घर हवं होतं. चाचांनी त्याला नेहमीप्रमाणे फिरवलं. गळतं कुठे, फुगलं कुठे, धूर, विंचू, मामांच्या मरणाची खोली. मी दाराआड उभी राहून कपाळाला हात लावला होता. त्या माणसानं सारं शांतपणे ऐकलं. मग ओसरीवर येऊन त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, घाम पुसला आणि म्हणाला, "बरं. वाईट समजलं. आता चांगलं काय हाय, ते सांगा."

हे चाचांना कोणी विचारलंच नव्हतं. ते अडखळले. त्यांनी खोल्यांकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं.

"सांजच्याले ओसरीवर वारा येते," शेवटी ते म्हणाले. "मस्त येते. उठावं वाटत नाही." आणि मग त्यांचा आवाज चिरकला. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मामा गेले त्या दिवशीसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "याच्यापेक्षा जास्त मले माहीत नाही," ते भिंतीलाच म्हणाले.

त्या शेतकऱ्यानं रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. "घेतो," तो म्हणाला. "इच्चू आमच्याकडे बी हायेत."

मी पुढे मास्तरीण झाले, आणि आयुष्यभर पोरींना शिकवत राहिले. पहिल्या पगारातून चाचांना एक शाल घेऊन गेले. "हे कायले?" ते म्हणाले. "मी काय केलं? किल्ली ठेवली फक्त." पुढच्या वेळी सुट्टीत गेले तेव्हा वैशाखाचं ऊन डोकं फोडत होतं आणि चाचा ती लोकरीची शाल पांघरून, घामानं निथळत, बाजारातून फिरत होते. कोणी विचारलं की "माह्या भाचीनं देली" असं सांगत होते. आज मी जी काही आहे ती मामांच्या घरामुळे आहे असं लोक म्हणतात. घर तर चुलतमामांनाही मिळू शकलं असतं. मी आहे ती चाचांमुळे. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी फेडलेले नाहीत, फेडता येणारही नव्हते. पण ते उपकार खरे कोणते, हे मला कळलं ते विक्रीच्या दिवशी, रजिस्ट्रीच्या कचेरीत.

दीर रिसोडहून आले होते. कचेरी माणसांनी भरलेली होती, सगळे पुरुष. मी कोपऱ्यात भिंतीला लागून, पदर पुढे ओढून बसले होते. सह्या झाल्या, अंगठे झाले. शेतकऱ्यानं पैशांचं गाठोडं चाचांच्या हातात ठेवलं. दीर पुढे झाले आणि त्यांनी सहज, रोजचंच काम असावं तसं, उपरणं पसरलं.

"द्या इकडे. बाईमाणूस कुठे सांभाळील?"

त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. विधवेचा पैसा घरातला कर्ता पुरुषच घेतो. पण त्या उपरण्यात तो पडला असता तर त्यातून अमरावतीला काय पोचलं असतं, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं, आणि मी पदर आणखी पुढे ओढला.

"तुमचं नाव नाही मृत्युपत्रात," चाचा म्हणाले.

"मी कर्ता आहे घरातला."

"असान तुमी कर्ते. अमानत तुमची नाही." आणि मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "माय, उठ. इकडे ये."

मी उठले. सगळ्या पुरुषांच्या मधून चालत गेले.

"हात पुढं कर."

मी दोन्ही हात पुढे केले. चाचांनी गाठोडं त्यांत ठेवलं, पण सोडलं नाही. एक टोक धरूनच राहिले.

"पोचलं म्हण."

"पोचलं," मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं म्हण. तो दरवाज्यात उभा हाय ना, त्याले ऐकू गेलं पायजे. उद्या कोणी म्हणीन चाचानं खाल्लं, अन् कोणी म्हणीन, बाईच्या हाती आलंच नाही. सगळ्यांदेखत म्हण. कोणाले पोचलं?"

लग्न झाल्यापासून मी चार पुरुषांत तोंड उघडलं नव्हतं. विधवा झाल्यापासून तर घरातही खालच्या आवाजात बोलत आले होते. कचेरीतले सारे माझ्याकडे पाहत होते. दीर पाहत होते. मी मान वर केली.

"मले पोचलं!"

दारातल्या माणसानं वळून पाहिलं. चाचांनी गाठोडं सोडलं आणि दोन्ही हात झटकले, वर्षभराचं ओझं उतरल्यासारखे. दिरांनी उपरणं गोळा करून खांद्यावर टाकलं. "चला आता," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रिसोडची मोटर निघाची वेळ झाली."

आवाज एकदा फुटला होता, तो आता आत जाईना. "तुमी व्हा पुढं," मी म्हणाले. "मी मूर्तिजापूरच्या गाडीनं जातो. मले तथून अमरावतीले जाचं हाय."

मी गाठोडं पोटाशी धरून तिथेच उभी. आपण हे बोललो यावर माझाच विश्वास बसत नव्हता. चाचा दाराशी जाऊन जोडे घालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"मंग उभी काहून राह्यली?" ते म्हणाले. "गाडी काय तुह्यासाठी थांबून राह्यली?"